चौदा नंबरची पिशवी

बादली प्लास्टिकची हवी. जस्ताची नको,
जस्त मातीत उतरतं आणि प्रयोगशाळेत खोटी साक्ष देतं.
हे लेस्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं,
मक्याची धसकटं बुटाने बाजूला सारत.

दक्षिण इंडियाना, नोव्हेंबर.
नळी सात इंच खाली, अर्धा वळसा, वर.
पंधरा पावलं. पुन्हा.
आठ जागची माती बादलीत एक करायची,
ढेकळं बोटांनी फोडायची, मुळं वेचून टाकायची,
मग कागदी पिशवी, मग नंबर.
अडीच एकरांचं म्हणणं
एका मुठीत.

व्हर्लीन हॉस्टेटर बांधापाशी पिकअपमध्ये बसून,
हीटर चालू, काच अर्धी खाली. वय एक्याऐंशी.
"माझा सासरा चिमूटभर जिभेवर ठेवायचा," म्हणाली,
"आंबट लागली की चुना."
मी हसले. आमच्याकडे चुना लावणं म्हणजे काय,
ते तिला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी तिच्या स्वयंपाकघरात,
मेणकापडावर, अक्रोडांच्या वाडग्याशेजारी, मी नकाशा उघडला.
सामू, स्फुरद, पालाश.
राहुरीला घोकलेले शब्द. पडद्यावर अक्षरं दुसरी आहेत
पण मनात मी अजून हेच म्हणते.
स्फुरद: जणू मातीला काही सुचू पाहतंय.

ईशान्येच्या कोपऱ्यात तो इतका, की आकडा चुकला असं वाटलं.
तिने तिथे बोट ठेवलं.
"डुकरांचं शेड. मी लग्न होऊन आले त्या वर्षी वादळात उडालं.
एक पत्रा तर चर्चच्या आवारात सापडला."
छप्पर गेलं, डुकरं गेली,
स्फुरद जागचा हलला नाही.

मग मधली रेघ.
डावीकडे सामू साडेसहा,
उजवीकडे, चौदा नंबरच्या पिशवीपासून पुढे सगळीकडे,
पाच पूर्णांक एक.
ओढा अशी रेघ मारत नाही. टेकाड मारत नाही.
सरळ रेघ म्हटली की माणूस.

"कुंपण होतं इथे?"
"नाही."
तिने एक अक्रोड फोडला, खाल्ला नाही.
"माझा ऑर्व्हल आणि त्याचा भाऊ डेन्झिल.
ऑर्व्हलने दोघांच्या शेताला पुरेल एवढा चुना मागवला, न विचारता.
डेन्झिल म्हणाला, मी पैसे देणार नाही.
तर ऑर्व्हल ट्रकच्या पायरीवर उभा राहिला
आणि ड्रायव्हरला म्हणाला, इथे थांब.
ड्रायव्हर थांबला."

पुढे दर काही वर्षांनी ट्रक आला, आणि तिथेच थांबला.
डेन्झिल गेला, ऑर्व्हल गेला.
परवा-परवा डेन्झिलची मुलगी इव्हान्सव्हिलहून आली,
सही करून तिचा तुकडा विकून गेली.
आता शेत एक. सातबाऱ्यासारखं जे काही इथे असतं
त्यावर नाव एकच, व्हर्लीनचं.

"त्याचा मका कायम पिवळा," ती म्हणाली.
"आम्ही म्हणायचो, आळशी आहे."
मी सांगितलं, एवढ्या आंबट मातीत
खत टाकलं तरी मुळांच्या हाती फारसं लागत नाही.
"तो दुप्पट टाकायचा," ती म्हणाली.
फ्रिज सुरू झाला, बंद झाला.

मी शिफारस वाचून दाखवली, कारण ते माझं काम:
डावीकडे काही नको. उजवीकडे एकरी तीन टन.
आताचे ट्रक नकाशा वाचतात, हॉपर आपोआप उघडतो,
बरोबर त्या जागी,
जिथे तो बंद झाला होता.

"तीन टन," तिने विचारलं, "पुरतील त्याला?"

माझ्या भाषेत शेताला आणि दिराला
हा एकच शब्द चालतो.
तिच्या भाषेत दोन आहेत.
तिने माणसाचा वापरला.

मी म्हटलं, दोन हिवाळे तरी जातील.
चुना सावकाश उतरतो.
तिने फोडलेला अक्रोड माझ्यापुढे सरकवला
आणि चेकबुक शोधायला आत गेली.